साक्षीला अख्खं नाट्यगृह

१

जावई सकाळी सकाळी दारात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत वायरचं भेंडोळं.

"बाबा, खून झालाय," ते म्हणाले.

मी चहाचा कप खाली ठेवला. सगळी हयात पोलिसात काढलेला माणूस हा शब्द ऐकून चहा पीत नाही.

"कुणाचा?"

"नाटकाचा."

मी कप पुन्हा उचलला.

माझे जावई नाटकं लिहितात, बसवतात आणि उरलेल्या वेळात नाटकाबद्दल बोलतात. माणूस वाईट नाही, पण साधं "मीठ द्या" म्हणतानाही त्यांच्या आवाजात पडदा वर जातो. माझ्या एकुलत्या एका लेकीनं हा माणूस निवडला आणि त्यांच्याच नाटकाचे कपडे शिवत बसली. तेव्हापासून घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत आहे.

"नीट सांगा," मी म्हणालो. "आणि बसून सांगा. येरझाऱ्या नकोत."

ते बसले. दोन मिनिटांचं प्रकरण त्यांनी अर्धा तास सांगितलं. त्याचा गाळीव भाग असा.

त्यांचं गाजलेलं नाटक तीन वर्षं चालू आहे. शेवटच्या प्रवेशात एक आई टेबलापाशी मुलाचा सदरा शिवत बसलेली असते. मुलगा यायचा असतो. टेबलावर जुना काळा फोन. फोन वाजतो. आई उचलते, ऐकते आणि एकच शब्द बोलते, "बरं." फोन खाली ठेवते. अंधार. मुलगा गेल्याचं प्रेक्षकांना त्या 'बरं'वरून कळतं. तो एक शब्द ऐकायला लोक दुसऱ्यांदा तिकीट काढतात. आईचं काम जावयांच्या थोरल्या बहिणीचं, जिला सगळे अक्का म्हणतात. काल संध्याकाळी भरल्या नाट्यगृहात तो फोन वाजलाच नाही. अक्का शिवत राहिल्या. लोक खोकायला लागले, मग कुणीतरी हसलं आणि जावयांनी स्वतः पळत जाऊन पडदा पाडला. नाटक परदेशी न्यायचं की नाही हे ठरवणारी मंडळी पहिल्या रांगेत बसली होती.

"ही फोनच्या घंटीची वायर. कापलेली," जावई म्हणाले. "आमच्या साउंडवाल्याचं काम आहे. बटण दाबायला विसरला आणि चूक झाकायला नंतर वायर कापली."

"चोर सापडलाय, तर मी कशाला हवा?"

"तुमची लेक ऐकत नाही. म्हणते, तो तसा माणूस नाही, बाबांना विचारा. संध्याकाळी तालमीच्या हॉलवर बैठक आहे. तोवर दुसरं कुणी सापडलं तर ठीक. नाहीतर त्याला काढणार, आणि बाकीच्या संस्थांनाही कळवणार."

"म्हणजे त्याला पुन्हा कुठंच काम मिळणार नाही."

"मिळूच नये."

मी पिशवीतली वायर काढली, चष्मा लावला आणि कापलेलं टोक उजेडात धरलं. साउंडवाल्याच्या पेटीत वायर तोडायची पक्कड असते. पक्कड एका दाबात तोडते. या टोकाला मात्र दोनतीनदा चावे घेतले होते, आणि ते पक्कडीचे नव्हते. वायर कात्रीनं कापली होती.

२

तालमीचा हॉल म्हणजे एका दुकानावरची लांब खोली. एका भिंतीला आरसे, दुसरीला पेट्या. प्रत्येक पेटीवर रंगानं लिहिलेलं: साउंड, प्रॉपर्टी, कपडे, सेट. काल नाट्यगृह लगेच रिकामं करून द्यायचं होतं म्हणून सगळं भराभर उतरवून इथं आणून टाकलं होतं.

कोपऱ्यात माझी लेक इस्त्री करत होती आणि स्वतःशीच भांडत होती.

"बाबा, आलात? बरं झालं. माझ्या कात्रीला कुणीतरी हात लावलाय. कापडाची कात्री आहे ती! हजारदा सांगितलं, हिच्यानं कागदसुद्धा कापायचा नाही. आता रेशमात अडकतेय."

"मी कात्रीसाठी आलेलो नाही," मी म्हणालो आणि पुढे गेलो. आमच्या घरात कात्रीवरून रोजच महाभारत होत असे, म्हणून मी तिकडे कानाडोळा केला.

साउंडवाला आपल्या पेटीवर मान खाली घालून बसला होता. त्याला सगळे कानसेन म्हणतात. कुठलाही आवाज एकदा ऐकला की तो विसरत नाही, अशी त्याची ख्याती. चाळिशीचा, हडकुळा, गळ्यात हेडफोन. घरी शाळेत जाणारी दोन मुलं.

"साहेब, मला एकच काम येतं," तो म्हणाला. "हे गेलं तर मी काय करणार?"

"रडू नका. इथं रडणाऱ्यांची आधीच गर्दी आहे. घंटी तपासली होती?"

"दर प्रयोगाला मध्यंतरात तपासतो. पडदा बंद असतो तेव्हा. काल वाजली की! प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वस्तू, सांभाळणाऱ्या मामांनी ऐकली. अक्का तिथंच खुर्चीत येऊन बसल्या होत्या, त्यांनीही ऐकली."

"मग अंकाच्या शेवटी?"

"बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बोट दुखेपर्यंत दाबलं, साहेब."

"स्पीकरवरून का नाही वाजवलीत?"

"दिग्दर्शकांना चालत नाही. घंटी फोनमधूनच आली पाहिजे म्हणतात, स्पीकरची घंटी खोटी वाटते. म्हणून फोनच्या आत खरी घंटी बसवलीय. तिथून वायर निघते, टेबलाच्या पायावरून खाली, सेटच्या भिंतीमागून विंगेत माझ्या बटणापर्यंत."

"मग विंगेतून काहीतरी खूण करायची."

"केली ना! दोन्ही हात हलवले. नट अडकला की पहिल्यांदा विंगेत बघतो, साहेब. कुठलाही नट. अक्कांनी मान वरच केली नाही. शिवत राहिल्या." त्यानं हेडफोन गळ्यातून काढला, पुन्हा घातला. "फार मोठा धक्का बसला असणार त्यांना."

अक्का कालपासून घरी पडून आहेत आणि त्यांना कुणी काही विचारायचं नाही, असा जावयांचा हुकूम होता.

मी हिशोब केला. मध्यंतरात घंटी वाजली, शेवटी वाजली नाही. म्हणजे वायर कापली ती दुसऱ्या अंकात, पडदा उघडा असताना आणि अख्खं नाट्यगृह समोर डोळे लावून बसलेलं असताना.

३

दुसरा संशयित स्वतःच चालत आला. नाटकात अक्कांच्या नवऱ्याचं काम करणारा नट. त्याला सगळे हिरो म्हणतात, आणि त्याला ते आवडतं.

"साहेब, माझ्या हातात बेड्या घाला," तो म्हणाला आणि खुर्चीत कोसळला. "मीच केलं!"

माझ्या नोकरीत मी अनेक कबुल्या ऐकल्या, पण इतकी सुंदर एकही नाही. डोळ्यांतून पाणी, आवाजाला कंप, हात कपाळावर. मी वही काढली.

"वायर कशानं कापलीत?"

"सुरीनं."

"कुठली सुरी?"

"स्वार्थाची," हिरो म्हणाला.

मी वही मिटली.

पंधरा मिनिटं डोकं पिकवल्यावर निघालं ते एवढंच: त्याला एका मालिकेत काम मिळत होतं, त्यासाठी हे नाटक बंद पडावं अशी त्यानं मनातल्या मनात इच्छा केली होती आणि आता इच्छा फळाला आल्यावर त्याला अपराधी वाटत होतं. आयुष्यभर चोरांशी बोललो. चोर बरे. खोटं बोलताना निदान घाबरतात. ही माणसं खरं बोलतानाही समोरच्यावर परिणाम काय होतोय ते बघतात.

"दुसऱ्या अंकात तुम्ही कुठं होता? सरळ उत्तर द्या."

"सुरुवातीला रंगमंचावर, खिडकीपाशी. मग विंगेत. मधे पावसातून आलेला दाखवायचा असतो ना, म्हणून माझ्यावर पाणी शिंपडत होते."

"फोनपाशी गेला होता?"

"छे! फोनपाशी अक्कांशिवाय कुणी फिरकायचंच नाही, अशी दिग्दर्शकांची सक्त ताकीद आहे. दुसरं कुणी जवळ गेलं तर म्हणे फोनचं वजन जातं."

मी उठत होतो, तेवढ्यात तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "वाईट याचं वाटतं, की अक्का अडकल्या. एकदा मी अख्खं पान विसरलो होतो. उभा घामाघूम. अक्कांनी काय करावं? माझे प्रश्न त्यांनीच विचारले आणि उत्तरंही त्यांनीच दिली. कुणाला पत्ता लागला नाही. एकदा सेटचं दार अडकलं, मला आत येता येईना. तर म्हणाल्या, 'या घरात सगळे खिडकीतूनच येतात.' टाळी पडली! आणि काल एक फोन वाजला नाही, तर... वय झालं त्यांचं, दुसरं काय."

"तुमची सहानुभूती तुमच्या मालिकेसाठी ठेवा."

हिरो दुखावला. दुखावलेला नट फार धोकादायक असतो, हे मला तिथं कळलं. दारात थांबून, खांदा माझ्याकडे वळवून तो म्हणाला, "मला विचारता, तसं तुमच्या लेकीलाही विचारा. परवा याच खोलीत ती नवऱ्यावर ओरडत होती. 'जाळा ते नाटक एकदाचं' म्हणत होती. सगळ्यांनी ऐकलंय."

इस्त्रीचा आवाज थांबला होता. मी मागे वळून बघितलं, तर लेक पाठ करून उभी होती.

४

बाप म्हणून मला तिच्याशी बोलायचं होतं. पोलीस म्हणून मी आधी प्रॉपर्टीच्या पेटीकडे गेलो. खरं सांगायचं तर मी टाळत होतो.

प्रॉपर्टी बघणारे मामा वयस्क, खेकसणारे. कप, काठ्या, खोटी फळं, सगळं त्यांच्या ताब्यात. तक्रारींचं पोतं कायम उघडं.

"माझ्या वस्तूला काही झालेलं नाही," मी विचारायच्या आत ते म्हणाले. "हा बघा फोन. धडधाकट. वायर साउंडची. साउंडला विचारा."

"तुमच्या फोनला ही शेपटी कसली?"

फोनच्या मागून हातभर वायर लोंबत होती.

"ती होय? सेटवाल्यांचा उद्योग. घाईत सोडवायला वेळ नसतो, कापून मोकळे होतात. मागं माझ्या कंदिलाची वायर अशीच कापली."

मी सेटवाल्यांच्या मुकादमाला बोलावलं. तो भडकला. "आम्ही कशाला कापू? वायर हातात आली तीच दोन तुकड्यांत. एक फोनला, एक भिंतीमागं गेलेला. फोन मामांच्या पेटीत टाकला, वायर कानसेनच्या. ज्याची वस्तू त्याच्या पेटीत. सांगायला गेलो तर दिग्दर्शक अंगावर आले, 'आधी रंगमंच रिकामा करा' म्हणून."

मी कपाळाला हात लावला. कालपासून ही सगळी मंडळी सेटच्या मागं कोण गेलं होतं यावर एकमेकांच्या उरावर बसली होती. कानसेननं आपल्या पेटीतला तुकडा बघितला, मामांनी आपल्या पेटीतला. दोन पेट्यांमध्ये चार पावलांचं अंतर, पण दुसऱ्याच्या पेटीत डोकावायचं नाही हा इथला शिरस्ता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मी पिशवीतली वायर आणली आणि टोक फोनच्या शेपटीच्या टोकाला लावलं. चावे चाव्यांत बसले.

म्हणजे वायर सेटच्या मागं कापलेली नव्हती. फोनपासून हातभर अंतरावर, टेबलाच्या पायापाशी, रंगमंचावर कापली होती.

"मामा, टेबलावर कात्री असते ना? आई शिवत असते त्या टोपलीत?"

"असते. पण तिच्यानं लोणी कापून दाखवा. रंगमंचावर धारेची वस्तू द्यायची नाही, हा नियम आहे. मी स्वतः दगडावर घासून बोथट केलीय." त्यांनी ती कात्री माझ्या हातात दिली. मी वायरच्या दुसऱ्या टोकावर चालवून बघितली. वरचा प्लास्टिकचा थर नुसता दबला.

मग मी लेकीच्या टेबलाशी गेलो. काही न बोलता तिची मोठी कात्री उचलली, उघडली आणि पात्यावरून बोट फिरवलं. मधोमध दोन बारीक खाचा होत्या. एका खाचेत तांब्याचा कण चमकत होता.

५

"कधी ओरडली होतीस?" मी विचारलं.

"काय?"

"जाळा ते नाटक, म्हणून."

लेकीनं माझ्या हातातली कात्री बघितली. तिचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"बाबा, तुम्ही मला विचारताय? मला?"

"मी विचारलं नाही, तर संध्याकाळी दुसरं कुणी विचारेल."

"हो, ओरडले! ओरडणार नाही तर काय करू? घरी नाटक, दारी नाटक. माझा भाचा गेला, बाबा. अक्कांचा मुलगा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो माझ्या मांडीवर झोपायचा. तो गेला आणि तीन महिन्यांत यांनी त्याचं नाटक लिहिलं. बक्षिसं घेतली. परवा परदेशाचं ठरत होतं, तर हे आनंदानं नाचत होते. मग मी ओरडले. चुकलं माझं?"

हे सगळं मला ठाऊक होतं, पण असं कुणी तोंडावर कधी मांडलं नव्हतं. अक्कांचा मुलगा परगावी अपघातात गेला होता. बातमी फोनवरूनच आली होती. अक्का तेव्हा खरंच "बरं" म्हणाल्या होत्या आणि जावई शेजारी उभे होते.

"वायर तू कापलीस?"

"दुसऱ्या अंकात मी पलीकडच्या विंगेतच होते, तुमचा तो हिरो आत आल्यावर त्याच्यावर झारीनं पाणी शिंपडत होते. विचारा त्याला. आणि मी कापलीच असती, तर माझ्या कापडाच्या कात्रीनं कापली असती?"

या दुसऱ्या मुद्द्यावर मी तिला ताबडतोब निर्दोष सोडलं. घरात तिनं या कात्रीनं कुणाला पाकीटसुद्धा कापू दिलेलं नाही.

"नाट्यगृहात ही कात्री कुठं असते?"

"कपड्यांच्या खोलीत. खिळ्याला अडकवलेली."

"शेजारी कुणाची खोली?"

ती इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "नाही, बाबा. नका."

पण तोवर माझ्याही डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं होतं. वायर कापली ती पडदा उघडा असताना, फोनच्या टेबलापाशी. त्या टेबलापाशी एकाच व्यक्तीला जायची मुभा. तिच्या मांडीवर शिवण, हातात कात्री. सदऱ्याचा दोरा कापायला ती वाकते, तेव्हा ती काय कापतेय ते कोण बघतो? बोथट कात्रीच्या जागी धारेची कात्री ठेवायला तिला मध्यंतर पुरेसं होतं. ती तेव्हाच येऊन बसली होती, कानसेननंच सांगितलं. पडदा पडल्यावरच्या गोंधळात कात्री परत खिळ्याला अडकवणंही सोपं होतं. आणि दुसऱ्यांची विसरलेली पानं सांभाळून नेणारी, अडकलेल्या दारावर टाळी घेणारी बाई एका मुक्या फोनपुढे गप्प बसते, विंगेत बघतसुद्धा नाही? फोन वाजणार नाही हे तिला माहीत होतं. अख्खं नाट्यगृह साक्षीला होतं आणि एकानंही काही बघितलं नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं. घरी पडून असलेल्या अक्का स्वतः आल्या होत्या.

६

"काका, तुम्ही इथं कसे?" त्यांनी विचारलं.

मला चीड आली. कुणाची ते कळेना. गुन्हा सापडला होता, गुन्हेगार समोर उभी होती आणि फिर्याद कुणाची लिहून घ्यायची तेच समजत नव्हतं.

"अक्का, आज संध्याकाळी कानसेनला काढणार आहेत," मी म्हणालो. "वायर त्यानं कापली म्हणून. त्याला कुठंच काम मिळू देणार नाहीत."

त्या दारातच थांबल्या. "मला कुणी बोललं नाही."

"तुम्हाला त्रास नको, असा हुकूम होता."

"सगळ्यांना बोलवा," अक्का म्हणाल्या. "संध्याकाळ कशाला व्हायला हवी?"

जावई आले, हिरो आला, मामा, कानसेन, सगळे आरशांच्या भिंतीला टेकून उभे राहिले. अक्का खुर्चीत बसल्या आणि एका वाक्यात सांगून मोकळ्या झाल्या. "वायर मी कापली. कानसेनचा काही दोष नाही."

मग जावई बोलले, आणि नेहमीसारखे मोठ्यानं. "का? अक्का, का? अगं, त्रास होत होता तर मला सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी. प्रयोग संपल्यावर, मेकअपच्या खोलीत. म्हटलं, मला हे सोसत नाही रे, छातीत धरल्यासारखं होतं. तू काय म्हणालास, आठवतं? म्हणालास, 'हाच भाव हवाय मला. हा सोडू नकोस. उद्याही असाच धरून ठेव.'"

जावई आरशांच्या भिंतीपासून एक पाऊल पुढे आले.

"मग मी धरून ठेवला," अक्का म्हणाल्या. "तो एकदाच गेला, पण मी दर प्रयोगाला त्याच्या जाण्याला 'बरं' म्हणते. शनिवारी-रविवारी दोनदा. लोक खूश होतात. तू खूश होतोस. तूही त्याला खेळवलंयस, तुझंही दुःख आहेच की, म्हणून मी गप्प बसले. पण काल मध्यंतरात घंटी तपासली ना, ती ऐकली आणि वाटलं, आज नको. एक दिवस नको. तशीच उठले आणि कात्री घेऊन आले."

कानसेन भिंतीला टेकून खाली बसला होता. जावई त्याच्याकडे गेले, त्याचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी पुटपुटले. माफीच असावी. त्यांना जमली नाही, पण कानसेननं मान हलवली.

मला वाटलं, झालं. पण दिग्दर्शक तो दिग्दर्शकच. चार पावलं चालून ते परत वळले.

"पण कशी कापलीस? मी दर प्रयोग बघतो. मला दिसलं कसं नाही?"

"अहो, काय विचारताय तुम्ही!" माझी लेक किंचाळली. मीही पुढे झालो. त्या क्षणी जावयांच्या एक थोबाडीत द्यावी असं मला मनापासून वाटलं, आणि ते वाटल्याची मला अजूनही लाज वाटत नाही.

अक्कांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. "दाखवते," त्या म्हणाल्या.

मामांनी मुकाट्यानं टेबल ओढलं, फोन ठेवला. लेकीनं शिवणाची टोपली दिली. तिच्यात आपली ती कात्री तिनं स्वतःच ठेवली. अक्का शिवायला लागल्या. ना दिवे, ना संगीत, खालच्या दुकानातलं शटर कुणीतरी वर ओढत होतं. तरी त्या खोलीत संध्याकाळ झाली. त्यांनी सदऱ्याचं बटण घट्ट केलं, दोरा दाताशी नेला, मग नको म्हणून कात्री घेतली, वाकल्या, आणि सरळ झाल्या. दोरा कापला गेला होता. टेबलाच्या पायापाशी फोनची शेपटीही कापून पडली होती. मी पापणी न लवता बघत होतो, तरी मला ते दिसलं नाही.

फोन वाजायची वेळ आली आणि गेली.

अक्का शिवत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी दाराकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की आम्ही सगळे मागे वळलो. दारात कुणी नव्हतं.

"किती उशीर!" त्या म्हणाल्या. "चपला बाहेर काढ आधी. बघ तरी, किती वाळलायस."

जावई समोर जमिनीवर बसले होते. अशा वेळी ते नेहमी "थांबा" म्हणतात, हात वर करतात, काहीतरी सुचवतात. त्यांनी काही केलं नाही. मग त्यांचा आवाज आला, आणि त्यात पडदा नव्हता.

"पुढे?"

"पुढे काही नाही," अक्का म्हणाल्या. "तो आला, जेवला, झोपला."

"उद्याचा प्रयोग होणार नाही," जावई कुणाकडेही न बघता म्हणाले. "परवाचाही नाही. हे नाटक आता नाही." मामा फोन उचलायला पुढे झाले, तर लेकीनं त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं.

जावई सरकत सरकत खुर्चीपाशी गेले आणि लहानपणी बसत असतील तसे बहिणीच्या पायांशी बसले.

"काय जेवला गं?" त्यांनी विचारलं.

आणि अक्का सांगू लागल्या.